जिन्यातला संसार

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे, त्यांना माझे दुःख चटकन कळेल. डब्यावर ठळक अक्षरांत 'साखर' असे लिहिलेले असते आणि आत रवा असतो. 'चहा' लिहिलेल्या डब्यात मोहरी असते. खरा चहा असतो तो लोणच्याच्या जुन्या बरणीत. त्या घरच्या गृहिणीला ह्यात काडीचेही वावगे वाटत नाही. तिचा हात डोळे मिटून त्या बरणीवर जातो. पाहुणा मात्र उकळत्या पाण्यासमोर एकेक झाकण उघडून वास घेत उभा असतो.

परक्या संगणकावर जपानी भाषा टंकणे हा हुबेहूब ह्याच जातीचा प्रकार आहे.

मी पोटासाठी जपानीचे मराठी करतो आणि त्याच पोटासाठी कधीकधी मराठीचे जपानीही करतो. पुण्यात ह्याचे कुणाला नवल वाटत नाही. ज्या गल्लीत पूर्वी टायपिंगचा क्लास असे, त्या गल्लीत हल्ली जपानीचा असतो. नवल वाटते ते एवढेच, की हा गृहस्थ ते संगणकावर लिहितो कसे? 'एवढी हजारो चित्रं, त्याचा कीबोर्ड केवढा असेल हो?' असे विचारून लोक दोन्ही हात पसरतात. त्यांच्या डोळ्यांपुढे हार्मोनियमएवढी काहीतरी वस्तू असते.

वस्तुस्थिती अशी, की जपानी माणसाचा कळफलक आपल्याएवढाच असतो. आपला साधारण १०४ कळांचा, त्याचा १०९ कळांचा. सगळे रामायण घडते ते ह्या पाच जादा कळांपायी. त्याच्या कळफलकावर डाव्या वरच्या कोपऱ्यात भाषा बदलायची कळ असते. स्पेसबार आखूड असतो, कारण त्याच्या उजव्या कुशीला 'हेनकान', म्हणजे 'रूपांतर कर' अशी कळ असते आणि डाव्या कुशीला 'मुहेनकान', म्हणजे 'नको करू' अशी. आपल्याकडे हुकूम मोडायला वेगळी कळ लागत नाही, ते आपोआप होते. पण जपान शिस्तीचा देश पडला.

हा शिस्तीचा माणूस जेव्हा आपल्याकडच्या संगणकापुढे बसतो, तेव्हा त्याची बोटे सवयीने कोपऱ्यात जातात. तिथे एक नागमोडी रेघ बसलेली असते. ती दाबली की रेघच उमटते. भाषा बदलायची तर तीच कळ 'आल्ट'बरोबर दाबावी लागते, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते. स्पेसबार तर आपल्याकडे लाटण्याएवढा लांब! त्याच्या कुशीत झोपलेल्या दोन्ही कळा गायब.

ह्याहून बिकट अवस्था येते ती संगणकाने स्वतःला जपानी समजायला सुरुवात केली म्हणजे. कळफलक अमेरिकी आणि आतला कारभार जपानी! मग दोनच्या डोक्यावर छापलेले ते ईमेलचे वेटोळे दाबावे, तर अवतरणचिन्ह उमटते. वेटोळे हवे असेल तर 'पी'च्या शेजारचा चौकटी कंस दाबायचा. आणि साधा कंस हवा असेल तर? तो एक घर डावीकडे सरकलेला असतो. नऊवर छापलेला कंस आठावर आणि शून्यावर छापलेला नवावर. कंसमामाने एवढा छळ कृष्णाचादेखील केला नसेल. कारण कृष्णाला कंस कुठे राहतो हे निदान ठाऊक होते.

आणि फाइलचा पत्ता! आपल्याकडे त्यात उलटी तिरकी रेघ असते. जपानच्या प्रमाणित संकेतांत त्या जागेवर येनचे चिन्ह बसवलेले असल्यामुळे, जपानी विंडोजमध्ये फाइलचे पत्ते येननेच तोडलेले दिसतात. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला फोल्डरागणिक पैसे पडत असतील अशी धास्ती वाटल्यास नवल नाही.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. जपानी कळफलकाच्या कळांवर त्यांची 'काना' अक्षरे छापलेली असतात, पण बहुसंख्य जपानी माणसे ती वापरत नाहीत. ती रोमन अक्षरांत उच्चार टंकतात, पडद्यावर काना उमटते, मग स्पेसबार दाबला की कानाची 'कांजी' होते. म्हणजे चिनी वळणाची ती चित्रे. ऐकायला सोपे आहे. आता 'नमस्कार' लिहून पाहा. जपानी नमस्कार म्हणजे 'कोन्निचिवा'. ह्यात 'एन' तीन वेळा दाबावा लागतो. दोनच दाबलेत तर ते दोघे मिळून एक 'न्' होतात आणि पुढचा 'नि' उपाशी राहून त्याचा नुसता 'इ' होतो. शेवटी 'वा' ऐकू येतो म्हणून 'डब्ल्यू-ए' टंकाल तर तेही चूक. तिथे 'एच-ए'च हवा. तोक्यो शहर टंकायचे तर 'तोउक्योउ' असे ओढून ओढून टंकावे लागते. राजधानी असली तरी सवलत नाही.

ह्या 'एन'च्या हिशोबावर मोठमोठ्या गोष्टी अवलंबून असतात. 'किन्-एन' म्हणजे धूम्रपानास बंदी आणि 'किनेन' म्हणजे स्मरणार्थ. मध्ये एक 'एन' कमी पडला की भिंतीवरच्या 'येथे धूम्रपान करू नये' ह्या सूचनेचे स्मृतिफलकात रूपांतर होते. एका दृष्टीने परिणाम तोच असला तरी मजकूर चुकतोच.

पण खरी कसोटी पुढेच आहे. जपानीत एका उच्चाराचे अनेक शब्द. 'कामि' म्हणजे देव, 'कामि' म्हणजे कागद आणि 'कामि' म्हणजे डोक्यावरचे केस. तुम्ही 'कामि' टंकले की यंत्र नम्रपणे यादी पुढे करते : ह्यातला कोणता आणू? ह्या यंत्राची परीक्षा घ्यायला जपानी लोकांनी एक वाक्यच करून ठेवले आहे : 'किशा नो किशा गा किशा दे किशा शिता.' अर्थ असा, की आपल्या कंपनीचा बातमीदार आगगाडीने कचेरीत परतला. कंपनी किशा, बातमीदार किशा, आगगाडी किशा आणि परतणेही किशाच! कानाला चारही सारखे. कागदावर मात्र चौघांची चार तोंडे वेगळी आणि जपानी माणूस ती एका नजरेत ओळखतो.

इथे आमच्या थोरल्या मेव्हण्यांचा प्रवेश होतो. त्यांना जपानी येत नाही, पण मत आहे.

"अहो भावोजी," ते म्हणाले, "शेवटी टंकतात ना ते इंग्रजीच अक्षरं?"

म्हटलं, "हो."

"मग तिथंच थांबायला काय होतं त्यांना? सव्वीस अक्षरांत अख्ख्या जगाचं भागतं. पुढं ती चित्रं काढायची हौस कशाला?"

हे मत एकट्या मेव्हण्यांचे असते तर मी चहाबरोबर गिळले असते. पण हे मत फार मोठ्या मोठ्या माणसांचे आहे, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेतला पाहिजे. माझे म्हणणे साधे आहे. रोमन अक्षरे हा जपानी लेखनाचा जिना आहे. जिना चढून घरी जायचे असते. रोज जिन्यानेच जातो म्हणून कुणी जिन्यात संसार थाटत नाही. उद्या मेव्हणे म्हणतील, आमटी पळीने वाढतात ना, मग पळीच खा!

जपानला हा जिन्यात राहण्याचा सल्ला गेली दीडशे वर्षे मिळतो आहे. पुढे जपानच्या टपालखात्याचे जनक म्हणून नाव मिळवलेल्या माएजिमा हिसोका ह्यांनी १८६६ साली खुद्द शोगुनला अर्ज केला, की ह्या कांजी बंद करून टाका. १९४६ साली, युद्ध हरलेल्या जपानात अमेरिकेचे शिक्षण-मंडळ आले आणि रोमन लिपी घ्या असे सुचवून गेले. त्याच वर्षी शिगा नाओया ह्या नाणावलेल्या जपानी कथाकाराने तर कमाल केली. तो म्हणाला, लिपीच काय, भाषाच बदला आणि फ्रेंच घ्या! घराचा नळ गळतो म्हणून घर पाडा, एवढ्यावर न थांबता शेजाऱ्याच्या घरात राहायला जा असे सांगणारा हा पहिलाच प्लंबर.

त्यांची अडचण खोटी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. सुगिमोतो क्योता ह्यांनी १९१५ साली जपानी टंकलेखनयंत्र केले. त्यात दोन हजारांवर खिळे मांडलेले असत. टंकलेखिकेने त्या शेतातून नेमका खिळा हुडकायचा, उचलायचा, आपटायचा आणि परत जागेवर ठेवायचा. तिकडे अमेरिकी मुलगी एका मिनिटात पत्र संपवून नखे रंगवायला बसायची आणि इकडे हिचे 'श्रीयुत'च चाललेले. यंत्रयुग आले आणि लिपी आडवी आली, असेच कुणालाही वाटले असते. शहाण्या माणसांनी सांगून टाकले : लिपी कापा.

जपानने काही छाटणी केलीही. १९४६ साली रोजच्या वापरासाठी १८५० कांजींची यादी केली. गंमत अशी, की ती यादी पुढे कमी व्हायची ती वाढत गेली. १९८१ साली १९४५ आणि २०१० साली २१३६. आणि ही वाढ ज्याच्या भरवशावर झाली ते यंत्रच होते! १९७८ साली तोशिबा कंपनीने मोरी केनिची ह्यांच्या तुकडीने घडवलेले पहिले जपानी वर्डप्रोसेसर जाहीर केले. उच्चार टंका, कांजी घ्या. किंमत ६३ लाख येन आणि वजन २२० किलो. आपल्याकडच्या दोन गोदरेज कपाटांना हेवा वाटावा अशी वस्तू. त्याला घरी न्यायचे म्हणजे वरात काढूनच न्यावे लागले असते. पण १९८५ च्या सुमारास तीच करामत लाख येनच्या आत मिळू लागली, आणि आज ती शाळकरी पोराच्या खिशात आहे.

ह्यातले तात्पर्य मेव्हण्यांना मी अगदी सावकाश सांगितले. यंत्राला लिपी पेलेना तेव्हा शंभर शहाणे म्हणाले, लिपी कापा. दहाबारा इंजिनिअर म्हणाले, यंत्र शिकवा. शहाणे संख्येने जास्त होते, पण बरोबर इंजिनिअर निघाले.

"पण त्यानं हाताचं वळण गेलं असेल," मेव्हणे म्हणाले. वाद हरताना ते नेहमी नवा मुद्दा काढतात, पण हा मुद्दा खरा आहे. यंत्र कांजी आणून देते म्हणून हाताने ती काढायला विसरायला होते, ही तक्रार जपानी माणसे स्वतःच करतात. असल्या विसरभोळ्याला त्यांनी 'वाआपुरो बाका', म्हणजे वर्डप्रोसेसर-मठ्ठ असे नावही ठेवले आहे. कबूल. पण विसरलेले अक्षर डोळ्यांना ओळखू येते. काढून टाकलेले अक्षर कुणालाच ओळखू येत नाही.

आणि अक्षर ओळखू न आले तर बिघडते काय? हसण्यावारी न्यायची गोष्ट इथे संपते. 'साइतो' हे जपानातले अगदी प्रचलित आडनाव. पण ते लिहायच्या निदान चार तऱ्हा आहेत, आणि प्रत्येक साइतोला आपलीच तऱ्हा प्यारी. आपल्याकडे 'कुळकर्णी' आणि 'कुलकर्णी' ह्यांची गल्लत केल्यावर काय होते ते आठवा. २००७ साली जपानात उघडकीला आले, की निवृत्तिवेतनाच्या सुमारे ५ कोटी नोंदी कोणाच्या आहेत ते जुळतच नाही. कारणे पुष्कळ होती. त्यातले एक असे, की कागदावरच्या नोंदी संगणकात भरताना कांजीतल्या नावांचे नुसते उच्चार भरले होते आणि ते उच्चारही अंदाजाने. यंत्राला सोपे पडावे म्हणून माणसाचे नाव कापले, आणि म्हातारपणी तो माणूस खिडकीपाशी आला तेव्हा यंत्र म्हणाले, तुम्ही कोण? तोंडी हिशोब ठेवणारा वाणीसुद्धा उधारीवाल्याला असे विचारत नाही. अखेर २०२५ च्या मे महिन्यापासून जपानच्या कुटुंब-नोंदवहीत नावाच्या कांजीबरोबर त्याचा उच्चारही नोंदायला सुरुवात झाली. कांजी काढून नव्हे, कांजीच्या शेजारी. जिनाही ठेवला आणि घरही ठेवले.

हे सगळे डोक्यात घेऊन मी एका कचेरीत कामाला बसलो होतो. कचेरीचे नाव सांगत नाही, कारण अशा कचेऱ्या पुष्कळ आहेत आणि इतरांचा हिरमोड व्हायचा. जपानी गिऱ्हाइकाला पत्र लिहायचे होते. त्यासाठी मला बोलावले होते, त्याचे मला पैसेही देणार होते. फक्त त्यांच्या संगणकावर जपानी चालू नव्हती. ती चालू करायला दोन मिनिटे पुरतात आणि दमडी पडत नाही. पण चालू करण्याचा अधिकार संगणक-खात्याकडे. खात्यातला तरुण आला.

"सर, पॉलिसीत बसत नाही."

"अरे बाबा, पत्र जपानीत जायचंय."

"पण सर, आपल्या इथे जपानी कुणी वापरत नाही."

"म्हणून तर मला बोलावलंय ना!"

"तुम्ही बाहेरचे आहात, सर."

शेवटी साहेब आले. त्यांनी ऐकून घेतले आणि तोडगा काढला : "असं करा ना, रोमनमध्येच लिहा. वाचतील ते. हुशार लोक आहेत."

हुशार आहेत म्हणून त्यांच्यावर हा जुलूम? रोमनमधले जपानी पत्र वाचणे म्हणजे प्रत्येक ओळ मनातल्या मनात मोठ्याने म्हणून, ह्यातला किशा कोणता आणि कामि कोणता ह्याची कोडी सोडवत बसणे. धंद्यासाठी ज्याची मनधरणी करायची, त्याला पत्रातून शब्दकोडे पाठवायचे! दुपारपर्यंत तीन सह्या झाल्या, जपानी चालू झाली आणि पत्र गेले. त्या तीन सह्यांना लागलेल्या वेळात मी असली सहा पत्रे लिहिली असती.

पण मला खरा राग साहेबांच्या एका वाक्याचा आला. ते सहज म्हणाले, "आम्ही नाही का मराठी रोमनमध्ये लिहीत? काही अडत नाही."

अडत नाही? आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. पुतण्या त्याच्या काकांकडे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे सुटीत गेला होता. त्याचा फोनवर निरोप आला. रोमन अक्षरांतला. वाचला तर, 'काकांनी मला झाडलं.' वहिनींचा चेहरा उतरला. पोराला पाठवून दोन दिवस नाही झाले आणि झाडलं? त्यांनी भाऊरायांना फोन केला, आवाज चढवला, भाऊराया गोंधळले. पंधरा मिनिटांनी उलगडा झाला, की मजकूर 'काकांनी माळा झाडला' असा होता. भाऊरायांनी आयुष्यात पहिल्यांदा घरातले एक काम केले आणि त्याचे हे बक्षीस!

'एम-ए-एल-ए.' ह्या चार अक्षरांत मला, माळा, मळा आणि माला अशी चार बिऱ्हाडे कोंबली आहेत. जपान्यांना देवाने एका उच्चाराचे चार शब्द दिले, त्यांनी ते लिपीने वेगळे केले. आपल्याला देवाने चार उच्चारांचे चार शब्द वेगळे करूनच दिले, ळ दिला, ण दिला, काना-मात्रा-वेलांटी दिली. आणि आपण ते रोमनमध्ये घालून पुन्हा एक केले. देवाने निवडून दिलेले तांदूळ खडे घालून परत करण्याचा हा प्रकार आहे.

आणि सबब कसली, तर 'कीबोर्ड इंग्रजी आहे ना!' अहो, जपान्यांचाही तोच आहे. त्याच सव्वीस कळा. तेही 'एम-ए' टंकतात, पण पुढे एक कळ दाबून आपल्या अक्षरांत जातात. ती कळ आज मराठीलाही आहे. रोमन टंकून देवनागरी देणारी सोय फोनफोनात आहे. ज्यांना जिनाच नको, थेट दारातून आत जायचे आहे, त्यांच्यासाठी सरकारी प्रमाणाचा 'इन्स्क्रिप्ट' कळफलक विंडोजमध्ये गेली वीस-पंचवीस वर्षे पडून आहे. लग्नात आलेल्या भेटीसारखा, खोक्यातून न काढलेला.

तेव्हा माझी मागणी फार नाही. संगणक कुणाचाही असो, कळांवर काहीही छापलेले असो. त्यापुढे बसणाऱ्याला आपली लिपी चालू करता आली पाहिजे. त्यासाठी सही लागता कामा नये. पुण्यात आलेल्या जपान्याला त्याची कांजी आणि तोक्योत गेलेल्या पुणेकराला त्याचा 'ळ' मिळालाच पाहिजे. यंत्र शिकायला तयार आहे, ते १९७८ सालीच शिकले. शिकायचे राहिले आहे ते संगणक-खाते, साहेब आणि थोरले मेव्हणे.

जिन्यात वारा चांगला येतो आणि येणारेजाणारे दिसतात, हे मला मान्य आहे. पण पोस्टमन जिन्यात उभा राहत नाही. तो दारावरची पाटी वाचतो, आणि पाटीवरचे नाव आपले आहे हे निदान आपल्याला तरी ओळखू आले पाहिजे.